ब्रह्म एक, खुर्च्या चार दरांच्या



मागच्या पंधरवड्यात पेपरात घालून घरोघर आलेलं ते गुळगुळीत पत्रक तुम्हीही पाहिलं असेल. तीन दिवसांत 'अद्वैत-अनुभूती'. मागच्या रांगा 5,100 रुपये, मधल्या 11,000, पुढच्या 25,000. 'निकट सान्निध्य' म्हणजे व्यासपीठाशेजारची गादी आणि दुपारचं जेवण गुरुजींच्या पंगतीला, त्याचे 1,01,000. खाली बारीक अक्षरांत: जीएसटी 18 टक्के वेगळा; नोंदणी रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही. आणि अगदी तळाला, उदार अंतःकरणाने: ज्यांना शक्य नाही त्यांनी 'सेवा' द्यावी.

सेवा म्हणजे काय, ते शिबिर भरलं त्या कार्यालयाच्या मागच्या दारी दिसलं. आपल्याच चाळींतल्या चार बायका दोन शेगड्यांवर सकाळपासून पोळ्या लाटत-भाजत होत्या. पंगत उठल्यावर त्यांतल्या एकीने हात पुसत विचारलं, "आता जरा आत जाऊन ऐकू का?" गळ्यात बिल्ला अडकवलेल्या मुलाने तिच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमचा पास किचनचा आहे." त्याच वेळी आतून माइकवर चाललं होतं की तू आणि मी हा भेदच खोटा आहे.

यात संतापण्यासारखं काय आहे, हे गिरगावात कुणाला समजावून सांगायला नको. भस्म काढणारे, अंगठ्या विकणारे, मूल होण्याचा अंगारा देणारे यांच्याबद्दलही आपल्यात मतभेद नाहीत. म्हणून आमच्या या पत्रकाचा विषय एकच आहे: आत्मज्ञानाचं दरपत्रक. अमुक बाबा की तमुक माताजी, हा प्रश्नच नाही. बाबा येतात, जातात. दरपत्रक मात्र दर वर्षी वाढत जातं.

विकायला आहे काय?

आधी शांतपणे बघू, की या दुकानात माल कोणता आहे.

अद्वैताचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही स्वतःला शरीर, नाव, घराणं, बँकेतली शिल्लक समजता. या सगळ्याला जाणणारा जो आहे, तोच तुम्ही. आणि तो दोन ठिकाणी वेगवेगळा नाही. त्याला कुठून आणायचं नसतं, कारण तो कधी हरवलाच नव्हता. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हे पुन्हापुन्हा बजावतात, की मोक्ष ही तयार होणारी वस्तू नाही. तयार झालेलं एक दिवस नष्ट होणारच, आणि नष्ट होणारा मोक्ष काय कामाचा? कर्माने तो उत्पन्न होत नाही, विकार पावून येत नाही, प्रवास करून गाठता येत नाही. जे आहे ते कळायचं, इतकंच.

हे मान्य असेल, तर शिबिरवाल्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. 25,000 रुपये घेऊन तुम्ही शुक्रवारी मला काय देता, जे माझ्याकडे गुरुवारी नव्हतं? काही देत असाल, तर ते अद्वैत नव्हे. काही देत नसाल, तर पैसे कसले?

आणि रांगांचं काय? सर्वव्यापी ब्रह्म पाचव्या रांगेपर्यंत पातळ होतं का? व्यासपीठाशेजारच्या गादीखाली त्याचा जास्त घट्ट साठा असतो का? मागच्या खुर्चीत 5,100 रुपयांत आणि पुढच्या गादीवर 1,01,000 रुपयांत एकच आत्मा मिळत असेल, तर पुढच्याला लुबाडलं. वेगळा मिळत असेल, तर आत्मे दोन झाले आणि गुरुजी द्वैती ठरले. यातून तिसरी वाट असेल तर ती त्यांनी पुढच्या पत्रकात छापावी. जीएसटीसह.

पहिलं फाटक, दुसरं फाटक

ज्ञानाला फाटक लावायची ही पहिली वेळ नाही. ज्या शंकराचार्यांनी सर्वत्र एकच आत्मा पाहिला, त्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेला आहे. इतिहास-पुराणांतून ज्ञान मिळवायला हरकत नाही, एवढी खिडकी ठेवलेली आहे. तिथेच विदुर आणि धर्मव्याध यांची नावं घेऊन त्यांना ज्ञान झालं होतं हेही मान्य केलेलं आहे. धर्मव्याध म्हणजे महाभारतातला मिथिलेचा मांसविक्रेता. तपाची घमेंड चढलेल्या कौशिक ब्राह्मणाला एका गृहिणीने त्याच्याकडे धाडलं आणि त्याने आपल्या दुकानाशीच त्याचं स्वागत केलं. विकत होता ते मांस. ज्ञानाचे पैसे त्याने लावले नाहीत.

ते फाटक मराठी माणसाने मोडलं. ज्ञानेश्वरांनी 1290 साली नेवाशात गीता लोकांच्या बोलीत आणली. गोरा कुंभार मडकी घडवत होता, सावता माळी मळ्यात होता, जनाबाई जात्यावर होती आणि चोखोबा तर मंदिराच्या बाहेर. चांगदेवासारख्या योग्याने मुक्ताबाईला गुरू मानलं. ती वयाने पोर होती. शिऊरच्या बहिणाबाईंनी ब्राह्मणाघरची सून असून तुकोबांना गुरू केलं. तरीही पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. एवढ्या खटपटीने जन्माची अट काढली, आणि आता त्याच जागी पैशाची अट आली आहे. तेव्हा विचारायचे, जात कोणती? आता विचारतात, पास कोणता? त्या ताईंना दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं असतं.

'पण हॉलचं भाडं कोण देणार?'

हा आक्षेप पहिल्यांदा येतो आणि फार समजूतदार चेहऱ्याने येतो. भाडं, वीज, मांडव यांचा खर्च असतोच. तो जाहीर करा, दाराशी पेटी ठेवा, ज्याला जमेल तो टाकील. गावोगावचे हरिनाम सप्ताह कसे चालतात? कोणी तांदळाचं पोतं देतं, कोणी तेलाचा डबा, आणि जेवायला सगळं गाव बसतं. आषाढीला लाखो माणसं पायी पंढरपूरला जातात. 'अर्ली बर्ड' सवलत अजून तरी कुणी लावलेली नाही. भाडं म्हणून घ्यायचे असतील, तर सगळ्या खुर्च्यांचं भाडं सारखं हवं. एकाच पंख्याखालच्या दोन खुर्च्यांत वीस हजारांचा फरक पडतो, तेव्हा ते भाडं नसतं, ती मोठेपणाची विक्री असते. म्हणजे जो अहंकार सोडवायला बोलावलं, त्याच्याच आकारमानाप्रमाणे बिल.

कीर्तनकारांच्या बिदाग्याही आज फुगल्यात, हे खरं आहे. त्यांना तुकोबांनीच सांगून ठेवलंय की जिथे कीर्तन करायचं, तिथे जेवायचंसुद्धा नाही. इथे तर गुरुजींबरोबरच्या जेवणाचाच दर लावलाय.

'फुकट मिळालं की किंमत राहत नाही'

हे वाक्य ज्याने काढलं तो माणूस नक्की मार्केटिंगमधला असावा. बाकीचं जाऊ द्या, आपल्या खेतवाडीकडे बघा. दहाव्या गल्लीत मारुती कांबळी नावाचे गृहस्थ विडी-तंबाखूचं दुकान चालवत. जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखतं. पोटमाळ्यावरच्या लहानशा खोलीत ते मराठीत बोलत. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या माणसाने ते संभाषण इंग्रजीत आणलं, 1973 साली पुस्तक निघालं, आणि अमेरिका-युरोपातली माणसं विमानाने मुंबईत उतरून तो अरुंद जिना चढू लागली. त्या जिन्याला तिकीट नव्हतं, खोलीला रांगांचे दर नव्हते. 1981 साली महाराज गेले. त्यांचं बोलणं लोक अजून वाचतात. फुकट होतं म्हणून कोणती किंमत कमी झाली?

हो, त्यांना गुरू होते: सोलापूरकडच्या पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज, इंचगिरी परंपरेचे. विजापुरात मारवाड्याच्या पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस. निसर्गदत्त शेवटपर्यंत रोज भजन करत, गुरूच्या तसबिरीला हार घालत. तेव्हा हे पत्रक गुरूच्या विरुद्ध आहे अशी आवई कुणी उठवू नये. एकाने हिशेब लिहून पोट भरलं, दुसऱ्याने विड्या विकून. पोटाचं दुकान आणि ज्ञानाची खोली यांच्यामध्ये त्यांनी एक जिना ठेवला होता. आजच्यांनी तो जिनाच काढून टाकलाय.

'गुरूशिवाय ज्ञान नाही, शास्त्रच सांगतं'

सांगतं. मग शास्त्र पुरं वाचू. मुंडक उपनिषद गुरूकडे जायला सांगतं, आणि हातात काय घेऊन जायचं तेही सांगतं: समिधा. म्हणजे यज्ञाची लाकडं. गुरू कसा हवा, तर वेद जाणणारा आणि ब्रह्मात स्थिर असलेला. प्रायोजक जमवलेला हवा, असं नाही. त्याच मुंडकात आणि कठोपनिषदातही स्पष्ट म्हटलंय की आत्मा प्रवचनाने हाती लागत नाही. छांदोग्यात श्वेतकेतू बारा वर्षं शिकून शेफारून घरी आला, तेव्हा उद्दालकाने त्याला पाण्यात मीठ विरघळवून दाखवलं, वडाचं फळ फोडायला लावलं आणि 'ते तूच आहेस' हे महावाक्य नऊ वेळा ऐकवलं. नऊ सत्रं झाली, साहित्य म्हणून चिमूटभर मीठ लागलं आणि शिकवणारा घरचाच बाप.

इथे हुशार शिष्य उभा राहतो: 'याज्ञवल्क्याने जनकाच्या सभेतून हजार गाई नेल्या, शिंगांना सोनं बांधलेल्या!' नेल्या. ते राजाने वादसभेला लावलेलं बक्षीस होतं, श्रोत्यांकडून घेतलेलं शुल्क नव्हतं. पुढची गोष्ट मात्र हा शिष्य सांगत नाही. बृहदारण्यकातच पुढे जनक शिकता शिकता पुन्हापुन्हा हजार गाई देऊ करतो आणि याज्ञवल्क्य प्रत्येक वेळी म्हणतो, पुरतं शिकवल्याशिवाय घेऊ नये असं माझ्या वडिलांचं मत होतं. आता ते पत्रक पुन्हा काढा आणि बारीक अक्षरांतली ओळ वाचा: नोंदणी रद्द केल्यास रक्कम परत नाही. याज्ञवल्क्याचा दाखला द्यायचाच असेल तर एवढं करा: शिबिर आधी घ्या, आणि ज्याला आत्मज्ञान झालं त्याच्याकडूनच पैसे घ्या. बघू किती जमतात.

आणि गुरू भेटलाच पाहिजे हा हट्ट असेल, तर रमण महर्षींचं काय करायचं? 1896 साली मदुरेच्या एका घरात सोळा वर्षांचा मुलगा जमिनीवर आडवा पडून 'मेलो तर काय मरतं?' हे स्वतःच तपासून बघतो. समोर कोणी गुरू नाही. नंतर तो तिरुवण्णामलैला जातो आणि 1950 साली देह ठेवीपर्यंत येणाऱ्याला म्हणतो, 'मी कोण' हे तूच शोध.

'पण मला अनुभव आला!'

आला असेल. तीन दिवस मोबाइल काढून घेतला, एसीत बसवलं, ताटात गरम पोळी आली (लाटणारीचा पास किचनचा), घरचं कोणी हाक मारत नाही. एवढ्यावर कोणालाही शांत वाटेल. आनंद आहे. पण रविवारी आलेली आणि बुधवारच्या लोकलमध्ये संपलेली शांतता आत्मा असू शकत नाही. येतं आणि जातं ते आत्मा नव्हे, हा तर पहिला धडा. दुसरी पातळी, तिसरी पातळी, 'आचार्य-प्रशिक्षण' यांचा धंदा मात्र त्या बुधवारवरच चालतो.

या मंडळींचं अद्वैत फार सोयीचं आहे. पावती मागितली की जग मिथ्या, चेक वटला नाही की जग सत्य. हिशेब विचारला की उलटा प्रश्न, 'विचारणारा मी कोण?' शंकराचार्यांनी व्यावहारिक आणि पारमार्थिक अशी विभागणी केली ती ज्ञान होईपर्यंत व्यवहार खरा धरावा म्हणून. यांनी ती ऑडिट टाळायला वापरली. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा यांना शिवत नाही, कारण हे चमत्काराचा दावाच करत नाहीत. जे तुमचं आहे तेच तुम्हाला विकतात, त्याला कलम कोणतं लावणार?

'आपल्याच धर्मावर का बोलता, इतरांचं बघा' असं म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: आपलं घर आपणच झाडायचं असतं. समर्थांनीही दासबोधात करामती दाखवणाऱ्या गुरूंना बाजूला काढून खरा सद्गुरू वेगळा सांगितला. ते कोणत्या धर्माचे द्वेष्टे होते?

तर आता काय करायचं

एक. ज्ञानाची आगाऊ फी भरू नका, आणि आईवडिलांनाही भरू देऊ नका. निवृत्तीच्या पैशांतून भरणारे घरोघर आहेत.

दोन. आपल्या कार्यालयांच्या आणि मंडळांच्या विश्वस्तांना लेखी सांगा: सत्संगासाठी सवलतीच्या भाड्याने हॉल हवा असेल, तर दार सगळ्यांना उघडं, आणि खुर्च्यांना दर नाहीत.

तीन. आयोजक न्यास असेल तर हिशेब मागा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. मागणं हा अहंकार नव्हे.

चार. ऐकायचं असेल तर एकमेकांच्या घरी जमा. ज्ञानेश्वरी, अमृतानुभव, चांगदेवपासष्टी, निसर्गदत्तांचं बोलणं, सगळं मराठीत आहे आणि वाचनालयात मिळतं. एकाने वाचावं, बाकीच्यांनी शंका काढाव्यात. पोळ्या ज्याने खाल्ल्या त्यानेच लाटाव्यात.

पाच. तरीही कोणी ज्ञानाचा दर सांगितला, तर त्याच्याकडे ज्ञान नाही असं समजा आणि पाकीट खिशात ठेवा.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या. किंमत नाही.

— गिरगावातले काही रहिवासी