डोळ्यांचा रंग आणि बाईंचा शब्द

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील आयोवा राज्यात, राइसव्हिल नावाच्या लहानशा गावी, जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गात एक प्रयोग केला. पुढे तो जगभर गाजला. आमच्या व्यवसायातील तरुण मंडळी त्याचा उल्लेख मोठ्या उत्साहाने करतात व ‘आपल्याकडेही करून पाहावा’ असे सुचवितात. म्हणून त्याविषयी चार शब्द.

वर्ग सगळा गोऱ्या मुलांचा. वर्णभेद म्हणजे काय हे त्यांना सोसल्यावाचून कळणार नाही, असे बाईंना वाटले. त्यांनी डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे दोन गट पाडले. पुढे १९७० मध्ये त्यांच्या नव्या वर्गावर बोलपट निघाला, त्यात सारे दिसते. पहिल्या दिवशी निळ्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ. त्यांना मधल्या सुटीत पाच मिनिटे अधिक, जेवताना पुन्हा वाढून घेण्याची मुभा. तपकिरी डोळ्यांच्या मुलांच्या गळ्यात कापडी पट्टा आणि पाण्यासाठी कागदी पेला. डोळ्यांच्या रंगावरून हाक मारली म्हणून सुटीत मारामारीही झाली. दुसऱ्या दिवशी पारडे उलटले.

या बोलपटातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. वाचनाच्या पत्त्यांचा एक गठ्ठा संपवावयास तपकिरी डोळ्यांच्या गटास पट्टा गळ्यात असताना साडेपाच मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी, पट्टा निघाल्यावर, अडीच. मुले तीच, पत्ते तेच. एका रात्रीत कोणाची बुद्धी वाढत नाही. बदलला होता तो बाईंचा शब्द. पट्ट्यावाचून हाच प्रयोग आपण मास्तरलोक वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. ‘ढ’ हे एकच अक्षर त्याला पुरते.

प्रयोगाच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. १९८४ मध्ये त्या वर्गातील ११ जण पुन्हा जमले आणि त्या दोन दिवसांविषयी कृतज्ञतेने बोलले. १९७३ मध्ये वायनर व राइट या संशोधकांनी गोऱ्या मुलांना हिरव्या व नारिंगी फिती बांधून असाच प्रयोग केला, तेव्हा त्यानंतर ती मुले काळ्या मुलांबरोबर सहलीस जाण्यास अधिक राजी झाली. हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र स्टीफन ब्लूम यांनी या प्रयोगाची कठोर चिकित्सा करणारे पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध केले आहे, तेही वाचावे.

माझा आक्षेप साधनाविषयी आहे. मुलांचा विश्वास बसावा म्हणून बाईंनी शास्त्राचा आधार घेतला: डोळ्यांना रंग देणाऱ्या द्रव्याचा संबंध बुद्धीशी जोडून दाखविला. हे धादांत असत्य होते. बाई सांगतात ते खरेच असणार, या मुलांच्या श्रद्धेवरच सारा खेळ उभा होता. आणि जातिभेद, वर्णभेद तरी दुसऱ्या कशावर उभे आहेत? शिवाय आठ वर्षांचे मूल ‘मला हे नको’ म्हणून वर्गातून उठून जाऊ शकत नाही. त्याची संमती कोण घेणार?

आपल्याकडे तर प्रश्न अधिक बिकट. राइसव्हिलच्या वर्गात तो भेद आधीपासून सोसणारे कोणी नव्हते. आपल्या वर्गात असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेतील आठवण लिहून ठेवली आहे. त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शाळा झाडणारा नोकर त्यास हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. अशा मुलाच्या गळ्यात पट्टा अडकवून आपण त्याला कोणते नवे ज्ञान देणार? त्याची जखम इतरांच्या धड्यासाठी उघडी करावी काय? आणि आडनावावरून चिडविण्याची सवय असलेल्या मुलांच्या हाती आपण आणखी एक चिडवणे द्यावे काय? संध्याकाळी पट्टे गोळा करता येतात. चिडवणी गोळा करता येत नाहीत.

कायदाही पाहावा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. (अस्पृश्यता नष्ट करणारा संविधानाचा अनुच्छेदही सतरावाच, हा योगायोग.) हेतू उदात्त होता, हा बचाव तेथे किती चालेल याची मला शंका आहे.

मग करावे काय, असे तरुण सहकारी विचारतात. मला सुचते ते असे. वर्गात झाडू कोणाच्या हाती जातो, फळा पुसावयास कोण, पाणी भरावयास कोण, पाहुण्यांना फूल द्यावयास कोण, याची नोंद महिनाभर ठेवावी. खोटे काही रचावे लागत नाही. नोंद मुलांनीच ठेवावी. मात्र वहीत मुलांची नावे नसावीत. ती शिक्षकांनी आपल्याजवळ वेगळी टिपावी. वहीत तारीख, काम, आणि ते काम त्या दिवशी कोणत्या शिक्षकाने सांगितले, एवढेच लिहावे. महिनाअखेर ती वही प्रथम शिक्षकांच्या खोलीत वाचली जावी.