धपकन पडणारी शेळी

बालमित्रांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. कुरणात एक काळी-पांढरी शेळी मजेत चरते आहे. जवळच कुणीतरी फटकन छत्री उघडतं. शेळी दचकते, तिचे चारही पाय काठीसारखे ताठ होतात आणि बाईसाहेब धपकन आडव्या! दहा-वीस सेकंदांनी उठतात आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चरायला लागतात.

ही गोष्ट काल्पनिक नाही बरं का! अशा शेळ्या अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आहेत. तिथे त्यांना 'फेंटिंग गोट', म्हणजे बेशुद्ध पडणारी शेळी, म्हणतात. १८८० च्या सुमारास जॉन टिन्सले नावाचा एक परका माणूस तिथल्या मार्शल परगण्यात आला. त्याच्याबरोबर अशा चार शेळ्या होत्या. पुढे त्या डॉ. मेबेरी यांनी विकत घेतल्या आणि त्यांची पैदास वाढवली. शेतकऱ्यांना त्या फार आवडल्या. का, माहीत आहे? त्यांना कुंपणावरून उडी मारता येत नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या मळ्यात तोंड घालायची भीतीच नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. ही शेळी बेशुद्ध पडतच नाही! ती पूर्ण जागी असते. आपल्याला कोण हसतंय, हेसुद्धा तिला दिसत असतं.

मग होतं काय? हाताची मूठ घट्ट आवळा आणि सोडा. स्नायू आवळला, लगेच सैल झाला. स्नायू सैल पडायला 'क्लोराइड' नावाचे कण मदत करतात. ते स्नायूच्या पेशींमध्ये अगदी बारीक दारांतून ये-जा करतात. या शेळीची ती दारं जन्मतःच नीट उघडत नाहीत. दचकून पळायला जावं, तर स्नायू आवळतात आणि काही वेळ तसेच राहतात. मोठ्या झालेल्या कितीतरी शेळ्या पाय फाकवून किंवा भिंतीला टेकून उभं राहायला शिकतात. मग त्या पडत नाहीत, नुसत्या ताठ होतात.

असाच त्रास काही माणसांनाही असतो. ज्युलिअस थॉमसेन या डॉक्टरांना तो होता, त्यांच्या घरातल्या इतरांनाही होता. त्यांच्या मुलावर लष्करात आरोप झाला, की हा नोकरी टाळायला आजाराचं सोंग करतो! तेव्हा १८७६ साली डॉक्टरांनी स्वतःच्या कुटुंबाची सगळी हकिगत छापून आजाराची माहिती जगापुढे मांडली. पुढे १९६० च्या दशकात शर्ली ब्रायंट या शास्त्रज्ञाने याच शेळ्यांचे स्नायू तपासले आणि दोष क्लोराइडच्या ये-जा करण्यात आहे, हे दाखवून दिलं. पाहिलंत? ज्या शेळीला लोक हसतात, तिने माणसाच्या आजाराचं कोडं सोडवायला मदत केली!

तिकडे बरेच लोक हौसेने ही शेळी पाळतात, कारण स्वभावाने ती गरीब आणि माणसाळू असते. पण पाळणाऱ्याला काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकटी शेळी झुरते, म्हणून निदान दोन तरी हव्यात. कुत्रं मागे लागलं तर हिला पळता येत नाही. तेव्हा कुंपण मजबूत हवं. ते शेळी बाहेर जाऊ नये म्हणून नाही, तर कुत्रं आत येऊ नये म्हणून! रात्री तिला बंद गोठ्यात ठेवायचं. वाढलेले खूर वेळच्या वेळी छाटायचे. मोठ्या बोकडाला उग्र वास येतो, म्हणून लाडाने पाळायला शक्यतो माद्या किंवा खच्ची केलेले बोकडच ठेवतात.

शेळी गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते. बहुतेक वेळा जुळी करडं होतात. पहिल्या काही तासांत त्यांच्या पोटात आईचा चीक गेलाच पाहिजे. रोगांशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. हे सगळं एक-दोन महिन्यांचं काम नाही हं! शेळी दहा-बारा वर्षंसुद्धा जगते. म्हणून आईबाबांनो, मुलांचा हट्ट पुरवण्याआधी एवढ्या वर्षांचा चारापाणी कोण बघणार, हे घरात बसून ठरवा.

आणि मित्रांनो, शेळी पडते कशी हे बघायला तिला मुद्दाम घाबरवायचं नाही. उतारावर किंवा दगडावर पडली तर पाय मोडेल. शिवाय जो रोज घाबरवतो, त्याच्या हातचा पाला ती कशी खाईल?

तुमच्या घरी किंवा मामाच्या गावाला साधी शेळी असेल, तर एक प्रयोग करा. करडाजवळ रोज दहा मिनिटं जमिनीवर गुपचूप बसायचं. पकडायचं नाही, ओढायचं नाही. हातात थोडा कोवळा पाला धरायचा, बस्स! कितव्या दिवशी ते आपणहून जवळ आलं, हे वहीत लिहून ठेवा आणि वर्गात सगळ्यांना सांगा.