दुनळी बंदुकीवरचा वाघ राहू द्या, नळीखालचे ठसे वाचा

एखाद्या जुन्या दुनळी बंदुकीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर झळकले, की तासाभरात तिचा ‘इतिहास’ तयार होतो. पट्टीवर वाघ कोरला आहे, म्हणजे ती संस्थानिकाची. नक्षी अनोळखी आहे, म्हणजे ती खास फर्माइशीवर घडवलेली. वाडा जुना आहे, म्हणजे १८५७ च्या रणधुमाळीत तिने बार काढलेले. या पद्धतीला इतिहाससंशोधन म्हणणे आता थांबवले पाहिजे. हा धागा त्यासाठीच.

आधी नक्षीविषयी. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या बंदूकपेठेत संपूर्ण बंदूक सहसा एका हातून उतरत नसे. नळी एकाकडे, घोडा आणि चाप दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे, आणि कोरीवकाम आणखी कुणाकडे. कोरणाऱ्याला काम मिळे ते दराप्रमाणे: थोड्या पैशांत नुसती वेलबुट्टी, अधिक पैशांत शिकारी कुत्रा आणि फेझंट पक्षी. हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी वाघ किंवा हत्ती कोरणे हे त्याच धंद्याचे एक अंग होते. तेव्हा नक्षी प्रथम सांगते ती बंदुकीची प्रत आणि किंमत. मालकाचे कुळ ती क्वचितच सांगते.

नळीवरच्या नावाचीही तीच गत. ‘मॅण्टन’ अक्षरे दिसली, की लंडनच्या जोसेफ मॅण्टनचे नाव घेतले जाते. तो १८३५ मध्ये वारला. मागून काडतूस भरायच्या बंदुकीवर हे नाव असेल, तर ते कोलकात्याच्या मॅण्टन कंपनीचे असू शकते, किंवा निव्वळ नक्कल. कोलकात्यातच रॉड्डा कंपनी होती (१९१४ मध्ये क्रांतिकारकांनी जिची ५० माउझर पिस्तुले पळवली, तीच). अशा पेढ्यांचे नाव नळीवर असले, तरी बंदूक बर्मिंगहॅममध्ये घडलेली असणे अगदी नेहमीचे होते. बेल्जियममधल्या लिएज शहराने तर स्वस्त दुनळ्यांवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे नाव घालून वेस्टली रिचर्ड्स या नामवंत घराण्याची सावली विकली. अशी बंदूक उलटी करा: अंडाकृतीत ‘ई’, ‘एल’, ‘जी’ ही अक्षरे दिसली, की इंग्रजी नावाचे सोंग तिथेच उतरते.

‘दमास्कस’ नळ्यांची दंतकथाही येथेच निकालात काढू. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून सांधल्या की तो लहरदार पोत उमटतो. अशा असंख्य नळ्या बर्मिंगहॅममध्ये आणि लिएजजवळच्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यात झाल्या. सिरियाशी त्यांचा संबंध नावापुरता. साध्या नळीवर हा पोत वरवर उमटवून विकणारेही होते.

आता १८५७. ज्या बंदुकांचे फोटो या दाव्यासह फिरतात, त्यांपैकी कितीतरी केंद्राघाती काडतुसाच्या आहेत, म्हणजे ज्यात टिकली काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी असते. असे काडतूस ब्रिटनमध्ये रुळले ते १८६१ मध्ये जॉर्ज डॉ याने बाजारात आणल्यानंतर. त्याआधीची तऱ्हा पिनफायरची: काडतुसाच्या बुडाजवळ एक पितळी खिळा बाहेर डोकावे, नळीच्या मागच्या काठावर त्याच्यासाठी खाच असे आणि घोडा वरून त्या खिळ्यावर आदळे. फ्रान्सच्या लेफोशो यांची अशी बंदूक १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली गेली. पुढे इंग्रज कारागिरांनी ती तऱ्हा उचलली.

आणि गंमत पाहा. केंद्राघाती काडतूस आल्यावर पिनफायर बंदुका फेकून दिल्या गेल्या नाहीत, त्या बदलून घेतल्या गेल्या. खाच धातूने बुजवली, मागच्या भिंतीत आघातखिळ्यांसाठी छिद्रे पाडली, घोड्यांची नाके बदलली. म्हणजे तुमच्या घरची केंद्राघाती दुनळी १८६१ च्या आधीची ठरण्याची जी मोजकी आशा आहे, ती त्या बुजवलेल्या खाचेत आहे! जाणकार म्हणवणारे मात्र असा फेरफार दिसला, की बंदूक ‘बिघडवलेली’ म्हणून नाक मुरडतात. दुसरीकडे, वंशाभिमानी मालक घासूनपुसून तो सांधा दिसेनासा करतात. दोघे मिळून पुरावा संपवतात.

नक्षी मूळची की मागाहूनची, हेही धातूच सांगतो. पट्टी मऊ असतानाच कोरली जाई. मग हाडांच्या कोळशात तापवून तिला पाणी दिले जाई, त्याने पृष्ठभाग काचेसारखा कठीण होई आणि निळसर-तपकिरी ढग उमटत. त्यावर नंतर कोरणी चालत नाही. चालवायची तर पट्टी पुन्हा तापवून नरम करावी लागते, आणि ते रंग जातात. पट्टीवरचे स्क्रूही पाहा. चांगल्या कामात वेल स्क्रूच्या डोक्यावरून अखंड जाते. ती तिथे तुटली, तर स्क्रू बदललेला आहे.

शेवटी ठसे. बर्मिंगहॅमचे नळी-परीक्षणगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. जास्तीची दारू ठासून नळी तपासल्यावर तिथे ठसा उमटे. ‘नॉट फॉर बॉल’ हा ठसा तोंडाशी आवळलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ या काळात मारला गेला. वेलबुट्टीच्या हजार तर्कांपेक्षा हे तीन शब्द अधिक सांगतात. तसेच बोअरचे आकडे: १३ म्हणजे ०.७१० इंच, १२ म्हणजे ०.७२९. ठसा १३ चा आणि आजचे माप ०.७२९ असेल, तर गंज काढण्यासाठी किंवा अन्य कारणाने कुणीतरी नळी आतून कोरली आहे. तेवढी ती पातळ झाली आहे. अशा नळीत काडतूस घालण्याचा मोह आवरा.

म्हणून मालकांना एक विनंती. एमरी कागद, व्हिनेगर, पितळेची पॉलिश, सारे दूर ठेवा. परवानाधारक जाणकाराकडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, नळ्या उतरवून घ्या आणि त्यांच्या खालच्या सपाट बाजूचे, तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र टाका. वाघाचे छायाचित्र नंतर टाकले तरी चालेल.