पोरगं आळशी नाही, त्याचा कणा आखडलाय

"या वयात कसली रे पाठ दुखते?"

नाशिककरांनो, हे वाक्य आपण किती जणांना ऐकवलंय? मी ऐकवलंय. माझ्याच मित्राला.

सातपूरला एका कारखान्यात तो ऑपरेटर होता. पहाटे तीनला पाठ दुखून जाग यायची. सकाळी अंथरुणातून उठायलाच अर्धा तास, मग फर्स्ट शिफ्टला उशीर. सुपरवायझर म्हणे कामचुकार, घरचे म्हणत आळशी. दुपारी अंग मोकळं झालं की गडी ठणठणीत दिसायचा. म्हणजे नाटकच! कुणी म्हणालं गादी सरकली, कुणी बेडरेस्ट सांगितली. सहा वर्षांनी कळलं, अँकिलॉजिंग स्पॉन्डिलायटिस. तोवर नोकरी गेली, ठरलेलं लग्नही मोडलं. एकदा म्हणाला, "दुखणं सोसतो रे. पण कुणी खरंच मानत नाही, ते सोसवत नाही."

हा मणक्याच्या सांध्यांना सूज आणणारा आजार. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते. बहुतेकांना पंचेचाळिशीच्या आत, ऐन कमावत्या वयात गाठतो. इथे पडून राहिलं की अंग आखडतं, हालचाल केली की सुटतं. झोप उडते, थकवा जात नाही. या रुग्णांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. त्यात नवल काय?

आता सरकारी कागद बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. हालचालीच्या दिव्यांगत्वात बसलात तर बसलात, वर आरक्षणासाठी किमान 40 टक्के हवेत. म्हणजे कणा पुरता आखडेपर्यंत वाट बघायची? 2017 चा कायदा म्हणतो, मानसिक उपचार हा हक्क आहे. पण राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीत. उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला एकही नाही! आरोग्य विज्ञान विद्यापीठ मात्र आपल्याच म्हसरूळला. 2027 च्या कुंभासाठी कोटींचे आकडे ऐकतोय. ऐकू द्या, पण गावातल्या माणसाच्या पाठीचं काय?

मागणी साधी आहे. जिल्हा रुग्णालयात आणि कामगार विमा रुग्णालयात संधिवाताचा डॉक्टर आणि समुपदेशक एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बसवा. पाठ आणि मन एकाच माणसाचं असतं. आणि कारखानदारांनो, अशा कामगाराला फर्स्ट शिफ्टमधून सूट दिली तर कंपनी बुडत नाही.

तीन महिन्यांहून जास्त पाठ दुखतेय, सकाळी आखडतेय? संधिवाततज्ज्ञाला दाखवा. मन खचलंय? टेली-मानस, 14416, फोन फुकट आहे.

आणि घरात असं कुणी असेल तर आज एवढंच म्हणा, "दुखतंय ना, मला पटतंय." मला हे म्हणायला सहा वर्षं लागली. तुम्ही लावू नका.