टोर्नेडोनंतरचा शोध : आप्तांना उत्तर कोण देणार?

टोर्नेडो एखाद्या वस्तीवरून काही मिनिटांत निघून जातो. त्या वस्तीबाहेर राहणाऱ्या आप्तांची काळजी त्यानंतर सुरू होते आणि कित्येक दिवस टिकते. मृत, जखमी आणि पडलेली घरे यांची सरकारदरबारी मोजदाद होते. घरचा फोन लागत नाही म्हणून तळमळणाऱ्यांची होत नाही.

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील जॉप्लिन या सुमारे ५० हजार लोकवस्तीच्या शहराचा अनुभव या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. २२ मे २०११ च्या रविवारी सायंकाळी ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाच्या टोर्नेडोने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. त्यात थेट १५८ जणांचा बळी गेला, तर एक हजाराहून अधिक जखमी झाले. सेंट जॉन्स हे मोठे रुग्णालयच निकामी झाल्याने तेथील रुग्ण अन्य ठिकाणी हलवावे लागले. आपला माणूस निदान रुग्णालयात तरी असेल, अशी आशा धरणाऱ्यांना आता कोणत्या गावी विचारावे, हेच उमगेना.

सुमारे १,५०० जणांचा ठावठिकाणा लागत नसल्याचे प्रारंभी सांगण्यात आले. आकडा धडकी भरवणारा होता. पण अशा आकड्यात एकाच व्यक्तीची चौकशी तिघांनी केलेली असू शकते आणि सुखरूप असलेल्याने कोणाला कळविलेलेच नसते. २६ मे रोजी राज्य प्रशासनाने २३२ जणांची नावानिशी यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातील काही जण हयात असल्याचे लगेच उघड झाले. जूनच्या प्रारंभापर्यंत सर्वांचा माग लागला. नुसत्या आकड्याने घबराट पसरली होती, नावांनी शोध पुढे नेला. ही यादी चार दिवस आधी का निघू शकली नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

मृतांच्या ओळखीबाबत वाद अधिक कडवट झाला. केवळ पाहून ओळख पटविण्यात चूक होण्याची भीती असल्याने प्रशासनाने बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी आणि डीएनए यांवर भर दिला. कुटुंबांना शवागाराबाहेर ताटकळावे लागले. निर्णय योग्यच होता. परक्याचा देह आपला म्हणून स्वाधीन होण्याहून वाईट काही नाही. परंतु विलंबाचे कारण रोज, त्याच माणसाने, समोर बसून सांगणे हेही प्रशासनाचेच काम असते.

भारतात टोर्नेडो तुलनेने विरळ, पण अपरिचित नाही. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडी परिसराला अशाच वादळाने झोडपले. पहिल्याच दिवशी चौघांच्या मृत्यूची नोंद झाली. शंभरावर लोक जखमी झाले. उत्तर बंगालमधील असंख्य कामगार केरळ, महाराष्ट्र, दिल्ली येथे रोजगारासाठी राहतात. गावी पत्र्याचे छप्पर उडाले, तर त्यांना ते प्रथम कळते ते समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींतून.

आपल्याकडे धोक्याचा इशारा आता बाधित क्षेत्रातील मोबाइलवर थेट पोहोचतो. पण तो संभाव्य आपत्तीच्या जागी असलेल्यांसाठी. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुलासाठी नव्हे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. परराज्यातून तो लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी जोडावा लागतो. २०१८ च्या केरळ महापुरात ही सूचना वारंवार द्यावी लागली होती. त्याच वेळी सरकारी यंत्रणा आणि स्वयंसेवकांनी मिळून उभारलेल्या संकेतस्थळावर बाहेरगावच्या नातेवाइकांना मदतीची मागणी नोंदविता आली. तेव्हा घाईत जे जमले, ते प्रत्येक जिल्ह्याच्या आराखड्यात आधीपासून असायला हवे : निवारा केंद्रे आणि रुग्णालये यांतील नावांची एकच नोंदवही, ती रोज अद्ययावत करणारा एक जबाबदार अधिकारी आणि देशात कोठूनही कोडविना लागणारा एक क्रमांक.

बंगालमध्ये कालबैसाखीच्या वादळांचा हंगाम दरवर्षी मार्चमध्ये सुरू होतो.