आधी वारसनोंद, मग जमिनीची राखण!

आपल्या शेतावर कधीच इमारती उठू नयेत, असे अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाला वाटले तर त्यासाठी तिथे कायदेशीर मार्ग आहे. त्याला 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' म्हणतात. प्लॉट पाडण्याचा, बांधकाम करण्याचा हक्क कुटुंब नोंदणीकृत कराराने सोडून देते. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याचा अधिकार एखाद्या भूसंवर्धन संस्थेला मिळतो. मालकी कुटुंबाचीच राहते, शेतीही चालू राहते. उद्या जमीन विकली तरी बंधन सुटत नाही. हे दान कायमचे असेल तर आयकरात सवलतही मिळते.

मार्ग चांगलाच आहे. पण तो कुणासाठी खुला आहे, हा आमचा सवाल आहे. ज्याची मालकी कागदावर निर्विवाद आहे, त्याच्यासाठी!

तिथल्या काळ्या बांधवांचा इतिहास पाहा. १८६५ साली जनरल शर्मन यांच्या आदेशाने मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती मळेवाल्यांना परत देण्याचे धोरण घेतले. तरीही काळ्या कुटुंबांनी घाम गाळून जमिनी विकत घेतल्या. गोऱ्यांच्या कोर्टावर विश्वास नव्हता. अनेकांनी मृत्युपत्र केले नाही. जमीन सगळ्या वारसांची सामाईक झाली. मग धनदांडग्यांनी डाव साधला. एका दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा, वाटपाचा दावा लावायचा आणि सगळी जमीन लिलावात काढायची! अशा सामाईक मालकांना संरक्षण देणारा नमुना कायदा २०१० साली तयार झाला. साऊथ कॅरोलायना राज्याने तो २०१६ साली स्वीकारला. तोवर कित्येकांची जमीन गेली होती.

हे वाचताना आम्हाला आपली वतनाची जमीन आठवते. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतने गेली. परत मिळालेल्या जमिनी कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, अशी अट सरकारने घातली. अमेरिकन कुटुंब स्वतःच्या मर्जीने बंधन घेते. आपल्यावर ते वरून आले. तरीही जमिनी हातून गेल्याच. कुणी अडचणीत कवडीमोलाने दिली, कुणाच्या सातबारावर आजही मेलेल्या आजोबांचेच नाव आहे.

कुलूप कितीही मजबूत असो, किल्ली कुणाच्या हाती, हे महत्त्वाचे. बांधवांनो, आधी वारसनोंद करा. त्यात बहिणींची नावे वगळू नका. कागदावर जो नाही, त्याची जमीन कोणताही कायदा राखणार नाही!