वरचे धान्य कोरडे, आतले ओले

रोजेदार सहेरीपासून इफ्तारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. तेरा-चौदा तास तंबाखूही सुटते. मनावर घेतले तर जमते, हे त्यातून दिसते. मग मगरिबनंतर पुन्हा पुडी फाडली, तर दोष त्याचा एकट्याचा मानायचा का?

महाराष्ट्रात २०१२पासून गुटखाबंदी आहे. तरी पानटपरीवर पुडी मिळते. देशात बंदीला बगल देऊन पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकले गेले. तळहातावर मिसळले की गुटखा तयार! जाहिरात मात्र वेलचीची, नाव पानमसाल्याचे. ‘तंबाखूविरहित’ लिहिलेली पुडीही निर्धोक नाही. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला आहे. ही चाल जुनीच. १९५४ साली अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत निवेदन देऊन लोकांच्या मनात शंका पेरली होती.

मदीनेच्या बाजारात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला. आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. गिऱ्हाइकाला दोष दिला नाही.

संयम आपला, पण ओले धान्य उघड करणे शासनाचे काम. रमजानमध्ये दिवसभर सुटलेली पुडी रात्रीही सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक मदतीला आहे.